ट्रॉयच्या दिवाणखान्यातला सरदार

माझं तिकीट मे महिन्यात काढलेलं होतं आणि निखिलची नोकरी सप्टेंबरात गेली. तिकीट रद्द करता येण्यातलं नव्हतं आणि नोकरी गेल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि युरोपीय व्यक्तिचित्रांवरची दोन जाड पुस्तकं घेऊन मी डेट्रॉइटला उतरले, तेव्हा माझी भाची ऋजुता, तिचा नवरा निखिल आणि सात वर्षांची इरा असे तिघेही मला न्यायला आले होते. वार बुधवार, वेळ दुपारी दोनची.

"सुट्टी घेतलीस का रे?" मी निखिलला विचारलं.

"हो मावशी, घेतलीय थोडी," तो म्हणाला आणि माझी बॅग उचलायला वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

ट्रॉय. दिवस अठ्ठाविसावा

ट्रॉय म्हणजे डेट्रॉइटचं उपनगर, त्यांचं गाव. दिवसांचे हे आकडे माझ्या प्रवासाचे नाहीत. ते त्यांच्या फ्रिजवर होते. एका कागदावर साठ चौकोन आखलेले आणि त्यांतल्या सत्ताविसांवर लाल फुल्या. चहाचं दूध काढायला मी फ्रिजपाशी गेले आणि तो कागद वाचत उभी राहिले.

"मम्मा, इज आजी स्टेइंग टिल सिक्स्टी?" इराने विचारलं.

मग ऋजुताने सगळं सांगितलं. निखिल मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. कंपनीने एका सकाळी व्हिडिओ कॉलवर चाळीस जणांना काढलं. व्हिसा नोकरीला बांधलेला. साठ दिवसांत दुसऱ्या कोणत्यातरी कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केला नाही, तर घर, शाळा, गाडी सगळं सोडून परत जायचं.

"आईला सांगू नकोस, मावशी. प्लीज. तिचं बीपी…"

ताईचं बीपी तिच्या मुलीला दिसतं त्यापेक्षा बरंच दणकट आहे, पण मी मान हलवली. निखिल तोवर इस्त्रीचा शर्ट घालून वरच्या खोलीत गेला होता. शर्टाखाली घरातली चट्ट्यापट्ट्यांची पँट. मुलाखत कॅमेऱ्यावर होती आणि कॅमेऱ्याला छातीपर्यंतच दिसतं. राजेरजवाड्यांचे चित्रकारही पुष्कळदा हेच करत. तोंड प्रत्यक्ष बघून रंगवायचं आणि बाकीचा माणूस नंतर सवडीने.

डेट्रॉइट. दिवस छत्तिसावा

पुण्यातल्या एका महिला महाविद्यालयात मी एकतीस वर्षं वेशभूषेचा इतिहास शिकवला. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपीय उमरावांची चित्रं हा माझा हातखंडा विषय. कोणत्या दशकात बाही फुगली, कोणत्या दशकात गळा उघडा पडला, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्यांतलं एकही मूळ चित्र मी पाहिलेलं नव्हतं. स्लाइड्स पाहिल्या होत्या, त्याही एका कोपऱ्यात बुरशी धरलेल्या.

ऋजुताला हे माहीत होतं. "तू आलीच आहेस तर निदान तेवढं तरी होऊ दे," ती म्हणाली, आणि आम्ही तिघी डेट्रॉइटच्या मोठ्या कलासंग्रहालयात गेलो. निखिल गाडीतच बसून राहिला. त्याला एक फोन येणार होता.

त्या उमरावांचं दालन बघून पहिल्यांदा वाटलं ते हे, की इथे कोणीही आनंदात नाही. दोन्ही भिंतींवर माणसं उभी. काळे कपडे, पांढरे चेहरे आणि मानेभोवती चुणीदार पांढरी चकती. तिला रफ म्हणतात. ताटात मुंडकं वाढून ठेवल्यासारखं दिसतं. एक हात तलवारीवर, दुसरा कमरेवर, आणि कोपर असं बाहेर काढलेलं की शेजारून जाणाऱ्याच्या बरगडीत बसावं. चार वर्षांचा एक मुलगाही होता, पायघोळ झग्यात. चेहरा मात्र कर्ज बुडवलेल्या मामलेदाराचा.

पुस्तकात काळा म्हणजे काळा. इथे तो काळा खोल होता. त्यात निळसर, तपकिरी, हिरवट काय काय हलत होतं. काळा टिकाऊ करायला कापड पुन्हा पुन्हा बुडवावं लागे आणि पहिला हात बऱ्याचदा निळीचा असे. ती नीळ आपल्याकडचीही असू शकते, असं मी दरवर्षी वर्गात सांगत आले. रफला खळ लागे गव्हाची. दुष्काळात लोकांच्या पोटात जायचा गहू यांच्या गळ्याभोवती जातो म्हणून ओरडही झाली होती. हेही मी सांगे आणि पोरी वहीत उतरवून घेत. लेस करणाऱ्या बायका ओलसर तळघरांत बसत, कारण कोरड्या हवेत बारीक धागा तुटतो. डोळे लवकर जात. ते मात्र कोणी उतरवून घेत नसे, परीक्षेत येत नाही म्हणून.

एका उमरावाच्या गळ्यावरच्या लेसचे टाके बघायला मी पुढे झाले आणि छतातून टीं टीं सुरू झालं. कोपऱ्यातला गार्ड उठून आला. उंच, पिकल्या दाढीचा, काळा माणूस.

"मॅम, त्या साहेबांना इतकं जवळ आलेलं चालत नाही."

मी माफी मागितली. तो माझ्याबरोबर चित्राकडे बघत थांबला. मोटारीच्या कारखान्यात त्याची बरीच वर्षं गेली होती, मग कारखाना बंद झाला आणि तो इथे लागला.

"दिवसभर उभा मी राहतो," तो म्हणाला, "आणि दमलेला हा दिसतो."

सबंध दालनावर मी केलेल्या टिपणांत यापेक्षा बरं वाक्य नाही.

बाहेर आलो तेव्हा निखिल गाडीत फोन मांडीवर ठेवून बसला होता. वाटेत एका ठिकाणी टॅको खाल्ले. आपल्या घावनात राजमा भरल्यासारखे लागतात. इराने तिचे, माझे आणि निखिलचेही संपवले.

ट्रॉय. दिवस चव्वेचाळिसावा

ट्रॉयमधली मराठी माणसं ज्यांना नुसतं 'काका' म्हणतात, त्यांना मीही इथे काकाच म्हणते. चाळीस वर्षांपूर्वी आले. मोटारींच्या सुट्या भागांची स्वतःची कंपनी, हाताखाली दीडेकशे माणसं. निखिलने त्यांना दोनदा भेटून आपली अडचण सांगितली होती आणि दोन्ही वेळा काका म्हणाले होते, "बघतो." आता त्यांनी शनिवारी जेवायला बोलावलं. 'तुझ्या मावशी त्या विषयातल्या प्राध्यापक आहेत म्हणे. त्यांना आण. आमच्याकडचं एक चित्र त्यांनी बघायलाच हवं.'

शनिवारी सकाळपासून घरात कपड्यांचा प्रश्न. निखिलने सूट घातला तर फार गरजू दिसेल, टी-शर्ट घातला तर बेफिकीर. शेवटी खादीचं जाकीट ठरलं. ऋजुताने हिऱ्याच्या कुड्या काढून ठेवल्या.

"काढल्यास का?" मी विचारलं.

"काकूंच्या कुड्यांपेक्षा मोठ्या आहेत, मावशी. बरं नाही दिसणार."

जुन्या युरोपात कोणी कोणतं कापड आणि कोणता दागिना घालावा याचे कायदे होते. मोडला तर दंड. त्यांचं नाव घेतल्यावर वर्गात हशा पिकायचा. ट्रॉयमध्ये ते लिहून ठेवायचीही गरज पडलेली नव्हती. मला पैठणी नेसवण्यात आली. प्राध्यापक जितके जरीचे, तितका त्यांचा शब्द वजनदार.

गाडीत निखिल पुढे बघत म्हणाला, "मावशी, एक रिक्वेस्ट आहे. काका जे दाखवतील ते… म्हणजे छानच म्हण, ओके? यार, सोळा दिवस राहिलेत."

"न बघताच?"

"बघून म्हण. पण छान म्हण."

काकांचं घर म्हणजे पुढे चार पांढरे खांब आणि आत शिरल्या शिरल्या जिना. तो सरळ वर जात नव्हता, दोन्हीकडून वळून जात होता. दिवाणखान्यात वीसेक माणसं. एका भिंतीवर काका स्वतः, तैलरंगात, बंद गळ्याच्या कोटात, हात कमरेवर, कोपर बाहेर. समोरच्या भिंतीवर, खास पितळी दिव्याखाली, तो सरदार. ओहायोतल्या एका जुन्या घरातल्या लिलावात काकांना मिळालेला. सोळाव्या शतकाची अखेर, असं लिलाववाल्याने सांगितलं होतं.

मी चष्मा लावला. रफ मोठा, गोल, त्या काळाला शोभेल असा. त्याच्याखाली गुडघ्यापर्यंत लांब कोट. आणि कोटाला, मांडीच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे.

यात काही बारकावा नाही. ज्या काळात गळ्याभोवती असा रफ होता, त्या काळात अंगात कमरेपर्यंतचा घट्ट अंगरखा असे आणि त्याला बाहेरून असले खिसे नसत. आपल्या बाराबंदीलाही कुठे असतात? लोक कनवटीला लावत. लांब कोट आणि हे खिसे आले ते पुढे बऱ्याच वर्षांनी, रफ पार हद्दपार झाल्यावर. म्हणजे कोणीतरी फार नंतर, बहुधा नाटकाच्या पोशाखावरून, कोण्या श्रीमंताच्या भिंतीसाठी एक खोटा 'पूर्वज' काढला होता. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने पेपरात ही चूक केली तेव्हा मी तिला नापास केलेलं आहे.

"बोला, प्राध्यापक," काका म्हणाले. बोलणी थांबली. "अगदी मोकळेपणाने बोला."

मी आधी खऱ्या गोष्टींच्या आडोशाला उभी राहिले. काळ्या कापडावरची चकाकी छान उतरली आहे, म्हटलं. हाताची बोटं नाजूक आहेत, म्हटलं. चौकट फार सुंदर, म्हटलं.

"ते झालं हो. पण काळ? सोळावं शतक बरोबर ना? आमचे एक डॉक्टर मित्र उगाच शंका काढतात. तेच ते, बघा, तिकडे बसलेत."

डॉक्टर हसून हात वर करत म्हणाले, "मला काय कळतंय? मी हाडांचा डॉक्टर. पण मॅडम, हाडं मोजून वय सांगता येतं, तुम्ही कपड्यांवरून सांगा."

निखिल खिडकीपाशी उभा होता. हातात कोथिंबीर वडीची प्लेट. तो माझ्याकडे बघत नव्हता, वडीकडे बघत होता.

"सोळावं शतक," मी म्हणाले. "अखेरची वर्षं. शंकाच नाही."

टाळ्या झाल्या. काकांनी शेजारच्याला विचारलं, "घेतलंस ना रे फोनवर?" त्याने घेतलं होतं. मग मला पुन्हा एकदा, कॅमेऱ्याकडे बघून, नाव आणि पदासहित बोलायला सांगितलं. मी बोलले. दुसऱ्या वेळी जास्त चांगलं जमलं.

जेवण उत्तम होतं. मटार उसळ, अळूचं फदफदं, श्रीखंड. अळू काकूंनी तळघरात दिव्यांखाली वाढवलेलं. वाटी ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर काकू एकट्याच पुऱ्या तळत होत्या. बारीक बाई, पदर खोचलेला.

"मी शिवण करते," त्या कढईकडे बघत म्हणाल्या. "मुलींचे सगळे फ्रॉक घरीच शिवले. हे चित्र आणलं त्याच दिवशी मी यांना म्हटलं, अहो, याला खिसे कसे? आम्ही त्या म्युझियममध्ये गेलो होतो तेव्हा एकाच्याही अंगावर खिसे नव्हते."

"मग काका काय म्हणाले?"

"तुला काय कळतं, म्हणाले." त्यांनी पुरी उलटली. "तुम्ही येणार म्हटल्यावर वाटलं होतं, आता कोणीतरी सांगेल."

मी वाटी ओट्यावर ठेवली. त्यांनी माझ्या वाटीत आणखी श्रीखंड घातलं, आग्रह न करता, आणि पुढची पुरी सोडली.

निघताना काकांनी निखिलच्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारी एचआरला सांगतो. पाठव तुझा रेझ्युमे."

गाडीत ऋजुता रडली. आनंदाने रडली. निखिल म्हणाला, "मावशी, यू आर द बेस्ट." इरा म्हणाली, "आजी, युअर पेंटिंग स्पीच वॉज सो बोअरिंग." त्या गाडीतलं तेवढं एकच मत मला पटलं.

ट्रॉय. दिवस त्रेपन्नावा

सोमवारी रेझ्युमे गेला. मंगळवारी पोचल्याचं उत्तर आलं, तेही यंत्राने पाठवलेलं. मग काही नाही. या दिवसांत मी पाहिलेली अमेरिका म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी, तिच्याबाहेर रोज थोडं थोडं उघडं पडणारं मेपलचं झाड, आणि वरच्या खोलीतून खाली येणारा निखिलचा इंग्रजी आवाज. तो आवाज अर्धा सूर वर आणि फार उत्साही असे. फोन ठेवला की बंद पडे. लोक म्हणतात अमेरिकेत घरं मोठी. या घरात आवाज लपायला जागा नव्हती.

त्रेपन्नाव्या दिवशी आम्ही इंडियन ग्रोसरीत गेलो. तांदळाच्या पोत्यांपाशी निखिलला नागपूरचा एक ओळखीचा भेटला, समीर नावाचा. त्याचीही नोकरी जुलैत गेलेली, पण तो बायकोच्या व्हिसावर टिकलेला.

"काकांकडे दिलायस का रे?" समीरने विचारलं.

"हो. एचआरला सांगितलंय त्यांनी."

समीर मोठ्याने हसला. मग निखिलचा चेहरा बघून थांबला. "अरे बाप्पा, तुला कोणी सांगितलं नाही का? त्यांच्याकडे मागच्या वर्षीपासून हायरिंग फ्रीज आहे. एक माणूस घेतला नाही. मलाही तीन महिने 'बघतो' म्हणत होते. मी त्यांच्या तळघराचं वायफाय लावून दिलं, ते अळूला दिवे आहेत ना, त्यांचा टायमरसुद्धा."

"मग सांगत का नाहीत तसं?" मी विचारलं.

"नाही म्हणता येत नाही हो त्यांना, मावशी. मग कोण जाईल त्यांच्याकडे?"

निखिलने तांदळाचं वीस पौंडांचं पोतं ट्रॉलीतून काढून पुन्हा मांडणीवर ठेवलं आणि पाच पौंडांचं घेतलं. ऋजुताने ते पाहिलं. घरी आल्यावर तिने तिच्या आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "या परत. वरची खोली रिकामीच आहे." बीपीला काहीही झालं नाही.

ट्रॉय. दिवस अठ्ठावन्नावा

अमेरिकेत घर मोडायचं झालं तर ते अंगणात मांडतात. दारापुढच्या उतारावर सोफा, मिक्सर, दिवे, इराची सायकल, निखिलच्या तीन कोटांची दांडी. लोक गाड्या थांबवून उतरत, उशा दाबून बघत. एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईने निखिलचा सर्वांत चांगला कोट नवऱ्याच्या पाठीला लावून पाहिला, बाह्या ओढल्या, आणि आरशाला विचारावं तसं निखिललाच विचारलं, "कसा दिसतो?"

"परफेक्ट," निखिल म्हणाला. मुलाखतीतल्या आवाजात.

सायकल नेणाऱ्या मुलीला इराने ब्रेक कसा लावायचा ते दाखवलं. मग घरात जाऊन रिकाम्या खोलीत पालथी पडली आणि दोन तास उठली नाही. संध्याकाळी फ्रिजही गेला. त्यावरचा कागद ऋजुताने आधीच काढून घेतला होता. साठावी फुली मारायला कोणी थांबलं नाही. एकोणसाठाव्या दिवशी आम्ही चौघं विमानात होतो.

पुणे

परत येऊन दोन महिने झाले. इरा ताईकडच्या वरच्या खोलीत राहते आणि ताईशी इंग्रजीत भांडते. ताई तिला मराठीत उत्तर देते. दोघींचं चांगलं चाललंय असं म्हणायला हरकत नाही. निखिलला इथे एक काम मिळालंय, पगार विचारला की तो विषय बदलतो.

डिसेंबरात काकांनी फोटो पाठवला. सरदार आता तिथल्या मराठी लोकांच्या नव्या सभागृहात लागला आहे, काकांनी दिलेली भेट म्हणून. खाली पितळी पाटी. तिच्यावर काकांचं नाव मोठ्या अक्षरांत, चित्राचा काळ, आणि मग 'पुण्याच्या प्रा.' अशी सुरुवात करून माझं नाव, मी हे चित्र तपासून प्रमाणित केल्याचं. खिसे दिव्याखाली स्वच्छ दिसत होते.

मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. दीड पान. चूक माझी, ती मी जाणून केली, चित्र त्या काळाचं नाही, माझं नाव काढावं, आणि हे काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं सगळं. ऋजुताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाठव, मावशी. आत्ताच्या आत्ता पाठव."

निखिल दारात उभा होता. "नको," तो म्हणाला. "म्हणजे पाठव, पण आत्ता नको. काकांचा मेसेज आलाय. पुढच्या वर्षी हायरिंग फ्रीज उठला की बघतो, म्हणालेत."

"अरे, ते सगळ्यांनाच म्हणतात."

"माहितीय." त्याने दाराच्या कडीशी चाळा केला. "पण समजा एखाद्याला खरंच म्हटलं असेल तर?"

ऋजुता उठून आत गेली. मी पत्राची घडी केली. पत्र टेबलाच्या खणात आहे. हा लेख मात्र छापायला देते आहे. गाव मी बदललेलं नाही, कारण ट्रॉयमध्ये असे काका एकच असतील असं मला वाटत नाही.

परवा संक्रांतीला निखिल फोनवर तिळगुळाचा मेसेज लिहीत बसला होता. कोणाला, ते मी विचारलं नाही. दोनदा लिहून दोनदा पुसला. शेवटी मीच म्हटलं, खाली माझंही नाव घाल. आणि आधी 'प्रा.' लाव.